यंत्रबाहुल्यांचा कारागीर

बाजाराच्या दिवशी खानदेशातील कोणत्याही गावी जावे. खेळण्यांच्या दुकानापुढे मुलांचा घोळका हटकून दिसतो. नरडाण्यासारखे तापीखोऱ्यातील लोहमार्गावरचे गाव असो, की सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा असो, चावीच्या खेळण्यांची मोहिनी सर्वत्र सारखीच. दुकानदार किल्ली फिरवतो आणि पत्र्याचा बेडूक टुणकन उडी मारतो, माकड ढोलके बडवू लागते, चिमणी दाणे टिपते. किल्ली उतरली की सारे जागच्या जागी थबकते. मुले हसतात, टाळ्या पिटतात आणि पुढच्या दुकानाकडे वळतात. परंतु त्यांतील एखादाच मुलगा असा असतो, की तो घरी जाऊन खेळणे उकलून पाहतो. आत त्याला एक गुंडाळलेली कमान आणि दोनचार दातेरी चाके सापडतात. नवे खेळणे मोडले म्हणून त्याला बोलणी खावी लागतात. पण आत काय आहे, हे जाणण्याची त्याची ओढ काही केल्या जात नाही.

जपान देशात दोनशे वर्षांपूर्वी असाच एक मुलगा होऊन गेला. त्याचे नाव तानाका हिसाशिगे. खेळण्यांच्या पोटातील कमान आणि चाके यांचे कोडे तो आयुष्यभर सोडवीत राहिला आणि त्या कोड्यातूनच त्याने आपल्या देशाला घड्याळे, दिवे, वाफेची यंत्रे आणि तारयंत्रे दिली.

हिसाशिगेचा जन्म १७९९ मध्ये जपानच्या दक्षिणेकडील क्यूशू बेटावर, कुरुमे नावाच्या गावी झाला. लहानपणी त्याला गिएमोन या नावाने हाक मारीत. त्याचे वडील कासवाच्या कवचापासून फण्या, केसांत खोवण्याचे आकडे अशा नाजूक वस्तू घडवीत. कवच ऊब देऊन वाकवणे, करवतीने कातरणे, कानशीने घासून आरशासारखे गुळगुळीत करणे ही सारी कामे मोठ्या सबुरीची. एक फटकारा चुकला तर दिवसभराची मेहनत वाया जाई. वडिलांच्या शेजारी बसून हा मुलगा हत्यारे हाताळू लागला आणि हाताची सफाई व डोळ्यांची पारख हे दोन्ही गुण त्याच्या अंगी नकळत बाणले.

तो आठनऊ वर्षांचा असतानाची एक गोष्ट सांगतात. त्या काळी जपानी मुले शाळेत कुंचल्याने अक्षरे गिरवीत आणि त्यासाठी शाईची वडी दगडावर उगाळीत. हे सामान ठेवण्यास प्रत्येकाजवळ एक लाकडी पेटी असे. गिएमोनने आपल्या पेटीला अशी काही गुप्त कळ बसविली, की ती दुसऱ्या कोणालाच उघडता येईना. वर्गातील मुलांनी ओढून पाहिले, हिसडे देऊन पाहिले. पण पेटी ढिम्म हलली नाही. शेवटी गिएमोनने आपल्या हाताने ती अलगद उघडून दाखविली, तेव्हा सगळे थक्क झाले. ती पेटी म्हणजे त्याचे पहिले खेळणे होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

कुरुमे गावात इनोऊए देन नावाची एक हुशार विणकरीण राहत असे. आपल्याकडे पाटणचा पटोला विणण्यापूर्वी सुताला ठिकठिकाणी बांधून रंगवितात आणि मग त्याच सुतातून नक्षी उठवितात. देनबाईनेही लहान वयातच याच जातीची एक रीत शोधून काढली होती आणि तिच्या निळ्या-पांढऱ्या सुती कापडाची ख्याती दूरवर पसरली होती. साधे ठिपके आणि रेघा तिला साधल्या होत्या. परंतु कापडावर चित्रे उठवावीत, ही तिची इच्छा मात्र पुरी होत नव्हती. पेटीच्या कळीमुळे गिएमोनचे नाव गावात झालेच होते. देनबाई आपली अडचण घेऊन या सुमारे पंधरा वर्षांच्या मुलाकडे आली. वयाने आणि अनुभवाने मोठी असूनही एका पोराला विचारण्यात तिला कमीपणा वाटला नाही. गिएमोनने विचार करून तिला युक्ती शोधून दिली आणि चित्रांची नक्षी असलेले कापड मागावर उतरले. कापूस पिकविणाऱ्या खानदेशातील मुलांना या गोष्टीचे विशेष वाटावे. पुढे यंत्रविद्येत नाव काढलेल्या या मुलाने आपल्या बुद्धीचा उपयोग दुसऱ्यासाठी प्रथम केला, तो सुताच्या कामी.

परंतु त्याचे मन खरे रमले ते बाहुल्यांत. त्या काळी जपानात आपोआप हालणाऱ्या बाहुल्यांचे मोठे वेड होते. अशा युक्तीच्या वस्तूंना तेथे काराकुरी असे म्हणत. एक बाहुली हातातल्या तबकात चहाची वाटी घेऊन पाहुण्याकडे चालत जाई. पाहुण्याने वाटी उचलली की ती थांबे आणि रिकामी वाटी पुन्हा तबकात ठेवली की वळून परत येई. अशा बाहुल्यांची आणि घड्याळांची अंतर्रचना आकृत्यांसह समजावून देणारे एक पुस्तक १७९६ मध्ये छापले गेले होते. त्या पुस्तकातल्या बाहुलीची कमान पोलादाची नव्हती. ती देवमाशाच्या तोंडातील लवचीक पट्ट्यांपासून केलेली असे. कमान पिळून ताणली की तिच्यात जोर साठतो, ती हळूहळू उलगडू लागली की तो जोर चाकांना मिळतो, आणि चाकांची गती आवरून धरण्यासाठी एक अडसर असतो. चावीच्या प्रत्येक खेळण्याचे हेच रहस्य आहे.

कुरुमे येथे गोकोकु देवस्थानाची जत्रा भरत असे. त्या जत्रेत गिएमोन आपल्या नव्या नव्या बाहुल्या मांडू लागला. काही पाण्याच्या जोराने हालत, तर काही कमानीच्या बळावर. पाहणाऱ्यांची झुंबड उडे. लोकांनी त्याला काराकुरी गिएमोन हेच नाव देऊन टाकले. थोरला मुलगा म्हणून वडिलांचा धंदा त्यानेच चालवावा, अशी रीत होती. परंतु त्याने तो वारसा धाकट्या भावाच्या स्वाधीन केला आणि स्वतः बाहुल्यांचे गाठोडे घेऊन देशोदेशी खेळ करण्यास बाहेर पडला. ओसाका, क्योतो, एदो या मोठ्या नगरांत त्याचे खेळ झाले. बसलेली घडी मोडून अनिश्चित वाट धरणे हे धाडसाचेच काम होते.

त्याच्या बाहुल्यांत सर्वांत नामांकित ठरला तो धनुर्धारी बालक. एका लहानशा चौथऱ्यावर हा मुलगा बसलेला असतो. हातात धनुष्य, शेजारी उभे करून ठेवलेले चार बाण आणि समोर थोड्या अंतरावर एक लक्ष्य. किल्ली दिली की तो हात पुढे करून एक बाण उचलतो, तो प्रत्यंचेला लावतो, मान वळवून नेम धरतो आणि बाण सोडतो. मग दुसरा, मग तिसरा. त्याचा चेहरा लाकडाचा आणि न हालणारा. परंतु मान थोडी वर झाली की त्यावर उजेड पडून तो हसरा दिसतो आणि मान खाली गेली की सावली पडून तो विचारात गढल्यासारखा भासतो.

हे सारे घडते कसे? चौथऱ्याच्या आत कमानीच्या जोराने फिरणाऱ्या चकत्या एका दांड्यावर ओवलेल्या आहेत. या चकत्या पूर्ण गोल नाहीत. त्यांच्या कडेला कोठे उंचवटा, तर कोठे खाच आहे. उंचवटा आला की वरची तरफ उचलली जाते, खाच आली की ती खाली येते. तरफांना बांधलेले बारीक दोरे बाहुल्याच्या हातापर्यंत, बोटांपर्यंत आणि मानेपर्यंत गेले आहेत. एक चकती मान वळविते, एक हात पुढे करते, एक प्रत्यंचा ओढते. कोणती हालचाल केव्हा आणि किती व्हावी, याचा सारा हुकूम त्या चकत्यांच्या कडेवर जणू लिहून ठेवलेला असतो. कानशीचा एक घास जास्त पडला तर बाहुल्याचा हात बाणापाशी पोहोचणारच नाही.

या बाहुल्याची खरी गंमत पुढेच आहे. चार बाणांपैकी एक बाण लक्ष्याला लागत नाही. पाहणाऱ्याला वाटते, यंत्र बिघडले; पण ते बिघडलेले नसते. तो बाण चुकावा, अशीच कारागिराची योजना असते. चारही बाण बिनचूक लागले असते, तर लोकांनी कौतुक केले असते आणि ते घरी गेले असते. पण एक बाण हुकतो, प्रेक्षकांच्या तोंडून हळहळ निघते आणि पुढचा बाण लक्ष्यावर बसला की आनंदाला पारावार राहत नाही. ज्याच्या हातून चूक होते आणि जो पुन्हा नेम धरतो, तो लाकडाचा असला तरी आपल्याला माणूस वाटू लागतो. यंत्र बिघडून चुकणे सोपे असते. ते ठरल्या वेळी, ठरल्या रीतीने चुकावे, यासाठी मात्र फार मोठे कसब लागते. खेळकरपणा आणि कसोशी यांचा असा मिलाफ क्वचितच पाहण्यास मिळतो.

हिसाशिगेने अक्षरे लिहिणारी बाहुलीही घडविली. ती हातात कुंचला धरून कागदावर दीर्घायुष्य, पाइन वृक्ष, बांबू अशा शुभ अर्थांची अक्षरे वळणदारपणे काढते.

परंतु केवळ खेळांवर पोट भरण्याचे दिवस फार काळ राहिले नाहीत. १८३३ पासून जपानात दुष्काळाने थैमान घातले. ज्यांच्या घरी चूल पेटत नव्हती, त्यांना बाहुल्यांचे कौतुक कोठून सुचणार? १८३४ मध्ये हिसाशिगे आपल्या कुटुंबासह ओसाकाला येऊन राहिला आणि लोकांच्या नित्य उपयोगाच्या वस्तू करू लागला. त्याने घडी घालून खिशात ठेवता येईल असा मेणबत्तीचा दिवा बनविला. पुढे त्याने हवेच्या दाबाने तेल आपोआप वातीपर्यंत चढेल, असा दिवा तयार केला. पूर्वीच्या दिव्यात पुन्हा पुन्हा तेल घालावे लागे आणि उजेडही मंद पडे. हा नवा दिवा संथपणे आणि लख्ख जळत राही. रात्री हिशेब लिहिणाऱ्या व्यापाऱ्यांना तो फार सोयीचा वाटला. बाहुल्यांना पाण्याने आणि हवेने हालविण्याची जी विद्या त्याने खेळासाठी मिळविली होती, तीच आता घराघरांत उजेड देऊ लागली.

इतक्यात घाला आला. १८३७ मध्ये भुकेल्या लोकांची दैना न पाहवून ओशिओ हेइहाचिरो नावाच्या विद्वानाने ओसाकात उठाव केला. त्या धामधुमीत आग भडकली आणि शहराचा मोठा भाग भस्मसात झाला. हिसाशिगेचे घरही त्यात गेले. बायकामुलांना घेऊन तो क्योतोजवळच्या फुशिमी गावी गेला आणि त्याने पुन्हा कामास आरंभ केला. आग विझविण्याचा पाण्याचा पंपही त्याने पुढे तयार केला.

आता त्याच्या मनाने घड्याळांचा ध्यास घेतला होता. जपानात वेळ मोजण्याची रीत निराळी होती. आपल्याकडे जुन्या काळी दिवसाचे चार आणि रात्रीचे चार प्रहर मानीत. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून दिवसाचा प्रहर लांब आणि हिवाळ्यात तो आखूड. जपानात दिवसाचे सहा आणि रात्रीचे सहा भाग करीत आणि तेही असेच ऋतूप्रमाणे लहानमोठे होत. एका लयीत फिरणाऱ्या चाकांना हे कसे समजावे? त्यासाठी सूर्याची गती जाणली पाहिजे, हे हिसाशिगेने ओळखले आणि सुमारे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो शिष्य झाला. क्योतो येथील त्सुचिमिकादो घराणे पंचांग आणि ज्योतिर्गणित यांसाठी प्रसिद्ध होते. साऱ्या देशाने वाखाणलेला हा कारागीर १८४७ मध्ये त्यांच्याकडे विद्यार्थी म्हणून गेला. पाश्चात्त्य विज्ञानाचाही त्याने अभ्यास केला. शिकण्याचे वय उलटून गेले, असे त्याच्या मनाला शिवलेही नाही.

या तपश्चर्येचे फळ म्हणजे १८५१ मध्ये पूर्ण झालेले त्याचे दशसहस्रवर्षीय घड्याळ. त्याला सहा तोंडे आहेत. एकावर जपानी प्रहर, एकावर पाश्चात्त्य तास, एकावर वार, एकावर वर्षाचे चोवीस ऋतुविभाग, तर एकावर चंद्राची कला दिसते. आपल्या पंचांगात साठ संवत्सरांचे चक्र असते, तसेच साठ नावांचे एक चक्र जपानी लोकही पाळीत. तेही एका तोंडावर आहे. माथ्यावर काचेचा घुमट असून त्याखाली सूर्य आणि चंद्र जपानच्या नकाशावरून फिरतात. जपानी प्रहरांच्या पट्ट्या ऋतूबरोबर आपोआप जवळ येतात आणि दूर सरतात. ही किमया किड्याच्या आकाराच्या एका चमत्कारिक चाकाने साधली आहे. एक हजाराहून अधिक भागांचे हे घड्याळ एकदा किल्ली दिली की दोनशेहून अधिक दिवस चालावे, अशी त्याची रचना आहे. त्याचे बहुतेक भाग हाताने कानस चालवून घडविलेले आहेत. २००५ मध्ये जपानात भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी त्याची प्रतिकृती करण्याचे ठरले, तेव्हा सुमारे शंभर तंत्रज्ञ कामाला लागले. हाताशी आधुनिक साधने असतानाही त्यांना कमानीच्या पितळेसारख्या काही गोष्टी हुबेहूब साधल्या नाहीत.

याच सुमारास जपानचे भाग्य पालटत होते. अनेक पिढ्या या देशाने परक्यांना आपली दारे जवळजवळ बंद ठेवली होती. १८५३ मध्ये अमेरिकेची लढाऊ जहाजे धूर ओकीत जपानच्या किनाऱ्याला लागली. आपल्याकडे मुंबई ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली, ते हेच वर्ष. वाफेची विद्या लवकर हस्तगत केली नाही, तर देश पराधीन होईल, हे जाणत्या लोकांच्या ध्यानी आले. क्यूशू बेटावरील सागा संस्थानच्या अधिपतीने विज्ञानाची प्रयोगशाळा चालविली होती. तेथे हिसाशिगेला बोलावणे आले. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८५५ मध्ये रुळांवर धावणारे वाफेच्या आगगाडीचे एक लहानसे प्रतिमान अधिपतीसमोर चालवून दाखविले. दिसण्यात ते खेळणेच होते. पण त्या खेळण्यापासून वाफेच्या बोटीपर्यंतची वाट फार लांब नव्हती. १८६५ मध्ये सागा संस्थानात रियोफू मारू ही वाफेवर चालणारी बोट तयार झाली आणि तिच्या कामात हिसाशिगेचा वाटा होता.

त्या बोटीच्या आदल्याच वर्षी त्याच्यावर आयुष्यातील सर्वांत दारुण आघात झाला. १८६४ मध्ये त्याचा मुलगा आणि नातू या दोघांची एका सहकाऱ्याच्या हातून हत्या झाली. मुलगा त्याच्या कामातला सोबती होता आणि नातू पुढच्या पिढीची आशा होता. हिसाशिगेचे वय तेव्हा पासष्ट वर्षांचे होते. घर जळाले तर ते पुन्हा बांधता येते. पण या नुकसानीला भरपाई नव्हती. असे असूनही त्याने हातातील हत्यार खाली ठेवले नाही. आरंभिलेले काम त्याने तडीस नेले आणि नंतर आपल्या कुरुमे गावच्या संस्थानासाठीही तो यंत्रे बनवीत राहिला.

१८७३ च्या आरंभी जपानने जुने पंचांग आणि जुने प्रहर सोडून पाश्चात्त्य दिनदर्शिका आणि समान तास स्वीकारले. ज्या प्रहरांसाठी हिसाशिगेने आपली बुद्धी पणाला लावली होती, ते व्यवहारातून नाहीसे झाले. त्याच वर्षी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, हा वृद्ध कारागीर नव्या राजधानीत, तोक्योत, येऊन दाखल झाला. सरकारला आता तारयंत्रे हवी होती आणि ती परदेशातून आणावी लागत. हिसाशिगे आणि त्याचे शिष्य ती देशातच तयार करू लागले. १८७५ मध्ये त्याने गिन्झा भागात स्वतःचा कारखाना काढला. कोणत्याही यंत्राची कल्पना घेऊन यावे, ते येथे बनवून मिळेल, अशा आशयाची पाटी त्याने दारावर लावली होती.

१८८१ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, हिसाशिगेने या जगाचा निरोप घेतला. त्याच्या दत्तक पुत्राने पुढच्याच वर्षी शिबाउरा येथे मोठा कारखाना उभारला. १९३९ मध्ये तो दुसऱ्या एका विजेच्या कंपनीत मिळाला आणि त्यातून जगप्रसिद्ध तोशिबा कंपनी उदयास आली. जत्रेत बाहुल्या नाचविणाऱ्या माणसाच्या हातून एका मोठ्या उद्योगाचे बीज असे पेरले गेले.

हिसाशिगेच्या चरित्राकडे पाहिले म्हणजे खेळ आणि काम यांत आपण जी भिंत उभी करतो, ती किती कच्ची आहे, हे कळून येते. त्याने खेळही कामाइतक्याच कसोशीने केला आणि कामातही खेळाची गोडी टिकविली. आगीने घर नेले, काळाने मुलगा आणि नातू नेला, नव्या युगाने त्याचे प्रहर नेले. दर वेळी त्याने पुढचा बाण उचलला आणि पुन्हा नेम धरला.

नरडाण्याच्या स्थानकात एके काळी तारयंत्राची कटकट चाले. आता ती यंत्रेही इतिहासजमा झाली आहेत. परंतु बाजारात चावीचा बेडूक अजून उड्या मारतो. तो विकत घेऊन एखादा मुलगा घरी आला आणि त्याने तो उकलून पाहिला, तर मोठ्यांनी त्याच्यावर लगेच रागावू नये. आतली कमान आणि चाके त्याला नीट पाहू द्यावीत, आणि ती पुन्हा जागच्या जागी बसवून बेडकाला उडी मारावयास लावण्याचे काम मात्र त्याच्यावरच सोपवावे.